'टीपी' : दोन अक्षरांचा कालक्षेप

'टीपी' हे 'टाइमपास' या शब्दाचे लघुरूप होय. वेळ घालविणे, विरंगुळा हा त्याचा मूळ अर्थ. यातील दोन्ही घटक इंग्रजी असले तरी त्यांची जोडणी भारतीय आहे. इंग्रजीत विरंगुळ्यासाठी 'पास्टाइम' हा जुना शब्द असून भारतीय शब्दात त्याचा क्रम नेमका उलटा दिसतो. मराठीने त्याला 'करणे' हे क्रियापद जोडून तो पूर्णपणे आपलासा केला.

या शब्दाच्या प्रसारात रेल्वेचा वाटा मोठा आहे. खारे शेंगदाणे, चणे विकणारे फेरीवाले 'टाइमपास' अशीच आरोळी देत. १९७८ मध्ये सुरू झालेल्या पुणे-लोणावळा लोकलच्या प्रवाशांनाही ती परिचित आहे. महाविद्यालयीन तरुणांच्या बोलीत त्याचे 'टीपी' झाले आणि अर्थच्छटा वाढल्या. 'टीपी चित्रपट' म्हणजे फारसा विचार करायला न लावणारा, तर 'टीपी प्रेम' म्हणजे गांभीर्य नसलेले. रवी जाधव यांच्या 'टाइमपास' (२०१४) या मराठी चित्रपटाने ही छटा घरोघरी पोहोचविली. नगरपालिकेच्या दप्तरात मात्र 'टीपी' म्हणजे नगररचना. तेथे संदर्भावरूनच अर्थ लावावा लागतो.

मराठीला ही कल्पना नवी नाही. 'कालक्षेप' हा संस्कृत शब्द अगदी याच अर्थाचा आहे. दक्षिणेत कीर्तनसदृश कथाकथनाला 'कथाकालक्षेप' म्हणतात. तेथे वेळ घालविण्याला भक्तीची प्रतिष्ठा आहे. उलट, क्रेग जेफ्री यांनी 'टाइमपास' (२०१०) या ग्रंथात मेरठच्या सुशिक्षित बेरोजगारांची व्यथा मांडली. त्यांच्या तोंडी हा शब्द नाइलाजाने वाट पाहण्याचा आहे.

मावळात 'टीपी'ला पावसाळी सहलीचा अर्थ चिकटला आहे. जीआयपी रेल्वेने वाफेच्या इंजिनांच्या पाण्यासाठी बांधलेले भुशी धरण हे त्याचे प्रमुख ठिकाण. ३० जून २०२४ रोजी या धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल कोसळून चौघांचा मृत्यू झाला. दोन्ही दिवस रविवारचे, सुट्टीचे होते. शब्द हलका असला तरी मावळातल्या पाण्याचा जोर हलका नसतो.