भीमथडीच्या लेकी

बारामती व इंदापूर तालुक्यांचा इतिहास लिहू जाणारा बहुधा पाण्यापासून आरंभ करतो, आणि ते वावगे नाही. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर १८८५ साली नीरेचा डावा कालवा वाहू लागला. कालव्याखालच्या गावांत ऊस आला, पैसा आला. वरची जिराईत गावे होती तशीच राहिली. पुढे १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले व इंदापूरची भीमाकाठची जमीन पाण्याखाली गेली. परंतु जिच्या डोईवर हंडा, तिच्या हाती पाटी कशी आली, याची नोंद फारशी कोणी ठेवीत नाही. तेवढेच येथे सांगावे असा आमचा हेतू आहे.

केडगाव आज दौंड तालुक्यात आहे. पूर्वी ते व बारामती एकाच भीमथडी तालुक्यात मोडत. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्यप्रांतातून सुमारे तीनशे निराधार मुली व स्त्रिया वाचवून आणिल्या, आणि त्यांतील पुष्कळांना केडगावी आसरा मिळाला. बाई आपल्या कॅथलिक मंडळीतल्या नव्हत्या. म्हणून त्यांचे श्रेय मान्य करण्यास आम्ही संकोचावे असे मुळीच नाही. तेथे मुली नुसते अक्षर शिकल्या नाहीत. त्यांनी शेत पाहिले, गाई राखिल्या, माग चालविले, छापखान्यात खिळे जुळविले. रमाबाई १९२२ साली निवर्तल्या. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून त्यांनी केलेले पवित्र शास्त्राचे भाषांतर याच छापखान्यातून बाहेर पडले.

मात्र केडगावास आलेल्या स्त्रीला परत जाण्यास घरच उरले नव्हते. जिला घर आहे, चूल आहे, दावणीला जनावर आहे, तिने शिकावयास कोठे जावे? आमच्या मते खरा अवघड प्रश्न हा होय.

काटेवाडीच्या शारदाबाई पवार या पुण्याच्या सेवासदनात शिकलेल्या. रमाबाई रानडे यांची ही संस्था १९०९ सालची. संसार, शेती व मुले सांभाळून शारदाबाई १९३८ साली पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून गेल्या. १९४० साली अवघ्या काही दिवसांचे तान्हे मूल घेऊन त्या बोर्डाच्या सभेस गेल्या, असे त्याच मुलाने, म्हणजे शरद पवारांनी, पुढे सांगितले आहे.

त्यांचे दुसरे चिरंजीव आप्पासाहेब यांनी १९७१ साली बारामतीस कृषि विकास प्रतिष्ठान उभारले. या प्रतिष्ठानच्या शारदानगरातील महिला महाविद्यालयास शारदाबाईंचेच नाव आहे. गावची शाळा संपली की 'पुरे झाले शिक्षण' म्हणणाऱ्या बापास मुलींचे वसतिगृह हे उत्तर असते. लेकीची सोय अशी होते. आईची होत नाही. तिच्यासाठी कृषि विज्ञान केंद्राचे वर्ग आहेत, बचतगट आहेत.

आणि शिकविण्याहून विकणे कठीण. शिवण शिकलेल्या बाईस गावात गिऱ्हाईक नसेल तर तिचे प्रमाणपत्र ट्रंकेत पडून राहते. म्हणून प्रतिष्ठान पुण्यात हिवाळ्यात एक जत्रा भरविते. गटाच्या बाया पापड, चटण्या, घोंगड्या घेऊन तेथे स्वतः मांडतात, भाव स्वतः करतात. सरकारी दप्तरातून गेलेले तालुक्याचे जुने नाव या जत्रेने उचलले आहे: भीमथडी.