सावलीचा हक्क

१९७२ च्या दुष्काळाचा इतिहास लिहिताना पावसाचे आकडे दिले जातात. उन्हाचा हिशेब मात्र कोणी मांडीत नाही. तेव्हाच्या अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत, जामखेड, पाथर्डी हे तालुके पर्जन्यछायेतले. दुष्काळी कामांवर बायामाणसे दिवसदिवस खडी फोडीत, पाझर तलावाची माती वाहत. आमची वडीलधारी माणसे त्या दिवसांविषयी बोलताना भुकेआधी उन्हाचे नाव घेत.

ऊन निसर्गाचे, हे मान्य. पण त्या उन्हात कोणी उभे राहायचे, हे निसर्गाने ठरविले नव्हते. ज्याला जमीन नाही, विहीर नाही, त्याच्या वाट्याला खडी आली. ही वाटणी गावगाड्याने आधीच करून ठेवली होती.

त्या दुष्काळात रोजगार हमी योजना राज्यभर गेली. १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्याने कामावर पिण्याचे पाणी, विसाव्याला व मुलांना सावली आणि प्रथमोपचाराची पेटी बंधनकारक केली. म्हणजे सावली ही मुकादमाची मेहरबानी उरली नाही, ती मजुराचा हक्क ठरली.

एके काळी आमच्या सावलीचाही विटाळ मानला जाई. १९२७ साली महाडला आपण पाण्यावरचा हक्क बजावला. सावलीचा प्रश्न मी त्याच लढ्यातला मानतो. म्हणून कार्यकर्त्यांना माझे सांगणे एवढेच : कामावर गेलात की हजेरीपट तपासा, आणि त्याबरोबर पाण्याचा माठ व मांडवही पाहा.