तीन गोल पिनांची कुळकथा

भारतीय घरांच्या भिंतीवरचे तीन गोल भोकांचे सॉकेट मूळचे ब्रिटिश आहे. परदेशी निघालेल्या उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूरच्या प्रवाशाला ॲडॅप्टर घ्यावा लागतो, पण भारताने काही निराळे केले म्हणून नव्हे. ब्रिटनने आपला प्लग बदलला आणि भारताने जुनाच चालू ठेवला, हे त्याचे कारण.

आधी वीज आली ती दिव्यांसाठी. इस्त्री किंवा पंखा चालवायचा तर वायर दिव्याच्या होल्डरलाच जोडत. कल्याणच्या आनंदीबाई जोशी जून १८८३ मध्ये न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा एडिसनचे तिथले पर्ल स्ट्रीट वीजकेंद्र सुरू होऊन वर्षही झाले नव्हते. प्लग जुळवण्याची चिंता त्यांना नव्हती. १९०४ मध्ये हार्वे हबेल याने होल्डरमध्ये फिरवून बसवायचा आणि ओढून काढता येणारा प्लग पेटंट केला. अमेरिकेतला दोन चपट्या पिनांचा प्लग पुढे त्याच वाटेने आला.

ब्रिटनमध्ये दिव्यांच्या आणि उपकरणांच्या विजेचे दर वेगळे असत. त्यामुळे वायरिंगही वेगळे आणि सॉकेटही दोन मापांची. आपल्याकडे मोठ्या सॉकेटला अजून ‘पॉवर पॉइंट’ म्हणतात, त्याचे मूळ या विभागणीत आहे. १९३४ च्या बीएस ५४६ या मानकाने ही मापे पक्की केली. ५ ॲम्पियरच्या प्लगच्या दोन पिना सुमारे ५ मिलिमीटर जाडीच्या, १५ ॲम्पियरच्या ७ मिलिमीटरच्या. अर्थिंगची पिन दोन्हींत जाड आणि लांब: ती सर्वांत आधी टेकते आणि सर्वांत शेवटी सुटते. भारतीय मानक आयएस १२९३ मध्ये हीच आकृती ६ आणि १६ ॲम्पियरच्या रूपात टिकली आहे.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी उभी राहिली. त्याच सुमारास तिकडे ब्रिटनमध्ये एक समिती युद्धानंतरच्या घरबांधणीतल्या वायरिंगचा विचार करत होती. तांब्याची टंचाई होती, म्हणून सगळ्या खोल्यांतून एकच वळसा घेणारे वायरिंग सुचवले गेले. त्या समितीत कॅरोलिन हॅस्लेट या एकट्याच महिला होत्या. या वायरिंगमध्ये प्रत्येक प्लगला स्वतःचा फ्यूज लागतो. १९४७ मध्ये बीएस १३६३ हे मानक निघाले: तीन आयताकृती पिना, १३ ॲम्पियर, आत फ्यूज. फाळणीनंतर कल्याण कॅम्पच्या बराकी सिंधी निर्वासितांनी भरल्या. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वस्तीचे नाव उल्हासनगर झाले. नव्या ब्रिटिश प्लगचा वारसा दुबई, सिंगापूर आणि हाँगकाँगकडे गेला, भारताकडे आला नाही. जुना १५ ॲम्पियरचा प्लग मात्र दक्षिण आफ्रिकेत चालतो, त्यामुळे तिथे आपला पॉवर प्लग सहसा थेट बसतो.

युरोपची गंमत निराळी. तिथल्या मोबाइल चार्जरच्या दोन पिना ४ मिलिमीटरच्या आणि साधारण १९ मिलिमीटर अंतरावर असतात. आपल्या ६ ॲम्पियरच्या सॉकेटमध्ये हेच अंतर असल्याने तो चार्जर आत जातो, पण सैल राहतो. उलट दिशेला आपली ५ मिलिमीटरची पिन जर्मनीच्या ४.८ मिलिमीटरच्या भोकात शिरत नाही. अर्थिंगची तर मुळीच नाही.

म्हणून देश पाहून ॲडॅप्टर घ्यावा: ब्रिटन व आखातासाठी आयताकृती पिनांचा, युरोपसाठी गोल, अमेरिका व जपानसाठी चपट्या, ऑस्ट्रेलियासाठी तिरक्या पिनांचा. ‘युनिव्हर्सल’ म्हणून मिळणाऱ्यांपैकी अनेकांत अर्थिंग नसते. चार्जरला त्याने फरक पडत नाही, पण इस्त्रीसारख्या धातूच्या उपकरणाला पडतो.

ॲडॅप्टर आकार बदलतो, व्होल्टेज नाही. भारतात २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, अमेरिकेत १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, जपानमध्ये १०० व्होल्ट. ‘१००–२४०’ असे छापलेला चार्जर सगळीकडे चालतो. भारतीय इलेक्ट्रिक किटली मात्र अमेरिकेत जेमतेम पाव ताकदीने तापते आणि मिक्सरमध्ये चटणी वाटली जात नाही. म्हणूनच तिकडे राहायला जाणारी मराठी कुटुंबे इथूनच ११० व्होल्टचा मिक्सर घेऊन जातात. तो परत आणून आपल्या सॉकेटला लावला, तर मोटर जळते.