एअर इंडिया फ्लाइट ८५५

एअर इंडिया फ्लाइट ८५५ ही मुंबईहून दुबईला जाणारी नियमित प्रवासी विमानसेवा होती. १ जानेवारी १९७८ रोजी रात्री सांताक्रूझ विमानतळावरून (सध्याचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ) उड्डाण केल्यानंतर दोन मिनिटांच्या आत हे विमान वांद्र्याच्या किनाऱ्यापासून सुमारे ३ किलोमीटर अंतरावर अरबी समुद्रात कोसळले. विमानातील १९० प्रवासी आणि २३ कर्मचारी असे सर्व २१३ जण मृत्युमुखी पडले. १९८५ मधील ‘कनिष्क’ दुर्घटनेपर्यंत एअर इंडियाच्या इतिहासातील हा सर्वांत मोठा अपघात होता. कॅप्टनसमोरील एका उपकरणाचा बिघाड आणि तो वेळीच न ओळखला जाणे, या दोन गोष्टींमुळे तो घडला.

विमान

अपघातग्रस्त विमान बोइंग ७४७-२३७बी प्रकारचे असून त्याची नोंदणी व्हीटी-ईबीडी आणि नाव ‘सम्राट अशोक’ होते. १९७१ मध्ये दाखल झालेले हे एअर इंडियाचे पहिले जंबो जेट होय. कॅप्टनला सुमारे १८,००० तासांच्या उड्डाणाचा अनुभव होता. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे कॉकपिटमध्ये सहवैमानिकाबरोबर फ्लाइट इंजिनियरही होता.

कृत्रिम क्षितिज

विमान डावीकडे वा उजवीकडे किती कलले आहे आणि त्याचे नाक किती वर वा खाली आहे, हे दाखवणाऱ्या उपकरणास कृत्रिम क्षितिज म्हणतात. जायरोस्कोपकडून मिळणाऱ्या संकेतांवर ते चालते. दिवसा वैमानिकाला खरे क्षितिज दिसते, त्यामुळे उपकरणातील चूक लगेच लक्षात येते. रात्री समुद्रावर मात्र पाणी आणि आकाश यांतील सीमारेषाच नाहीशी होते. अशा वेळी शरीराच्या जाणिवेवर विसंबता येत नाही. कानाच्या आतील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला सावकाश होणारे वळण समजत नाही, आणि विमान कललेले असतानाही ते सरळ असल्यासारखे वाटू शकते. म्हणूनच बोइंग ७४७ मध्ये कॅप्टन आणि सहवैमानिक यांच्यासमोर प्रत्येकी एक आणि मधल्या फलकावर एक राखीव, अशी तीन कृत्रिम क्षितिजे बसवलेली असत. एक बिघडले तर उरलेल्या दोघांशी ताडून पाहता यावे, हा त्यामागील हेतू. ही सोय ताडून पाहणाऱ्यावर अवलंबून असते.

घटनाक्रम

विमानाने धावपट्टी २७ वरून पश्चिमेकडे उड्डाण केले. किनारा ओलांडताच कॅप्टनने ठरल्याप्रमाणे उजवे वळण घेतले आणि विमान पुन्हा सरळ झाले. मात्र कॅप्टनसमोरील कृत्रिम क्षितिज विमान अजूनही उजवीकडे कललेले असल्याचे दाखवत राहिले. हा कल मोडण्यासाठी त्याने विमान डावीकडे वळवण्यास सुरुवात केली. प्रत्यक्षात सरळ असलेले विमान त्यामुळे डावीकडे झुकत गेले.

कॉकपिट व्हॉइस रेकॉर्डरवरील ध्वनिमुद्रणानुसार, आपल्या उपकरणात काहीतरी गडबड असल्याचे प्रथम कॅप्टनच म्हणाला. त्यावर सहवैमानिकाने आपलेही उपकरण कोलमडले असल्याचे सांगितले. त्याचे उपकरण बहुधा योग्यच चालत होते आणि विमानाचा डावीकडील खरा कल दाखवत होते. दोन उपकरणे परस्परविरुद्ध माहिती देत आहेत, हे मात्र दोघांच्याही ध्यानात आले नाही. हा विरोध फ्लाइट इंजिनियरने ओळखला आणि कॅप्टनला त्या उपकरणावर विसंबू नका असे बजावले, पण तोपर्यंत अवघे काही सेकंद उरले होते. विमानाचा डावा कल १०८ अंशांपर्यंत गेला, म्हणजे ते जवळजवळ उलटे झाले होते. उड्डाणानंतर १०१ सेकंदांनी ते समुद्रावर आदळले.

चौकशी आणि खटला

प्रारंभी घातपाताचा संशय व्यक्त झाला. मिळालेल्या अवशेषांत स्फोटाचा किंवा आगीचा पुरावा न आढळल्याने तो मागे पडला. भारतातील चौकशीच्या निष्कर्षानुसार, कृत्रिम क्षितिज बिघडल्यामुळे कॅप्टनला विमानाच्या स्थितीचे भान राहिले नाही, त्या स्थितीत त्याने विमानाचे अयोग्य नियंत्रण केले आणि इतर उपकरणांच्या आधारे कर्मचाऱ्यांना विमान सावरता आले नाही.

मृतांच्या नातेवाइकांनी अमेरिकेत विमानाची निर्माती बोइंग, कृत्रिम क्षितिज बनवणारी लिअर सिग्लर आणि बिघाडाच्या वेळी आधार देणारी यंत्रणा पुरवणारी कॉलिन्स रेडिओ या कंपन्यांविरुद्ध निष्काळजीपणाचे दावे दाखल केले. नोव्हेंबर १९८५ मध्ये न्यायाधीश जेम्स फिट्झजेराल्ड यांनी ते फेटाळले. नादुरुस्त उपकरण हा साखळीतील पहिला दुवा असला, तरी कायदेशीर जबाबदारी अशा प्रकारे निर्मात्यांवर आली नाही. ‘वैमानिकाची चूक’ हे वर्गीकरण या अपघातापुरते तोकडे पडते, कारण चूक करायला लावणारी माहिती उपकरणानेच पुरवली होती.

तत्सम अपघात

मुंबईतच पंधरा महिन्यांपूर्वी, १२ ऑक्टोबर १९७६ रोजी, मद्रासला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे कॅराव्हेल विमान (फ्लाइट १७१) इंजिन निकामी झाल्याने परत फिरले आणि उतरण्यापूर्वी कोसळले. त्यात ९५ जण मरण पावले. इंजिनातील कॉम्प्रेसरची चकती धातूच्या थकव्याने फुटून आग लागली होती, आणि हायड्रॉलिक द्रव नष्ट झाल्याने विमान वैमानिकांच्या ताब्यात राहिले नाही.

फ्लाइट ८५५ शी अधिक जवळचे साम्य असलेला अपघात २२ डिसेंबर १९९९ रोजी इंग्लंडमधील स्टॅनस्टेड विमानतळाजवळ झाला. तेथे देखभालीचा प्रश्न थेट समोर आला. कोरियन एअरच्या बोइंग ७४७ मालवाहू विमानाच्या (फ्लाइट ८५०९) कॅप्टनसमोरील कृत्रिम क्षितिजात बिघाड असल्याचे आधीच्या फेरीतील कर्मचाऱ्यांनी कळवले होते. जमिनीवरील तंत्रज्ञांना जोडणीतील एक पिन मागे सरकलेली आढळली. ती जागेवर बसवून उपकरणाची चाचणी घेण्यात आली व चाचणी यशस्वी ठरली. खरा दोष मात्र उपकरणाला कलाची माहिती पुरवणाऱ्या जडत्वाधारित दिशादर्शन संचात होता आणि तो तसाच राहिला. अंधारात उड्डाण केल्यावर विमान डावीकडे कलत गेले. उपकरणांतील तफावतीचा इशारा वाजला, फ्लाइट इंजिनियरनेही वाढत्या कलाबद्दल सांगितले, तरीही कॅप्टनने आपल्याच उपकरणावर भिस्त ठेवली आणि सहवैमानिक गप्प राहिला. विमान ५५ सेकंदांत कोसळून चौघेही मरण पावले.

बिघाडाची नोंद विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत केली जाते. भारतीय विमानक्षेत्रात तिला ‘स्नॅग’ म्हणतात. कोणते उपकरण नादुरुस्त असताना, किती काळ व कोणत्या अटींवर विमान उडवता येईल, हे किमान उपकरण सूचीवरून ठरते. दुरुस्तीनंतर परवानाधारक अभियंत्याची स्वाक्षरी झाल्याशिवाय विमान सेवेत परत येत नाही. भारतात या कामावर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची देखरेख असते. गंभीर अपघातांच्या चौकशीसाठी २०१२ पासून विमान अपघात अन्वेषण विभाग हा वेगळा विभाग आहे.