आपट्याची साल आणि काताचा लेप

दसऱ्याला आपण आपट्याची पाने सोने म्हणून वाटतो. सीमेवर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांतून सीमोल्लंघनाची हौस तर काकणभर अधिकच. त्याच आपट्याच्या सालीचा आणखी एक उपयोग मात्र आपण विसरलो. सुश्रुताने जखम शिवण्यासाठी जे धागे सांगितले, त्यांत ताग, जवसाचा धागा, स्नायूंचे तंतू, केस, मोरवेल, गुळवेल यांच्याबरोबर अश्मंतकाची सालही आहे. आणि अश्मंतक म्हणजे आपटा, असे वैद्यमंडळी मानतात.

‘हे सारे आमच्याकडे पूर्वीच होते’ एवढे म्हणून समाधान मानण्यापेक्षा नेमके काय होते ते पाहावे, असे आम्हांस वाटते. सुश्रुताचे टाके चार: वेल्लितक, गोफणिका, रफूगाराच्या कामाची आठवण देणारा तुन्नसेवनी आणि ऋजुग्रंथी. सुया तीन: मांस कमी तेथे व सांध्यांवर दोन अंगुळांची गोल, मांसल जागी तीन अंगुळांची तिधारी, पोट व मर्मस्थानी धनुष्यासारखी वाकडी. आजही कातडी शिवायची सुई तिधारी असते. परंतु खरे मर्म त्याने सांगितलेल्या अंतरात आहे. टाका कडेपासून फार दूर घेतला तर जखमेच्या ओठांना वेदना होतात, फार जवळ घेतला तर कड फाटून निघते. धागा तुटेल ही त्याची चिंता नाही. धागा मांस कापील, ही आहे.

ही चिंता किती रास्त होती, ते १९७६ साली टी. पी. एन. जेंकिन्स या ब्रिटिश शल्यविशारदाच्या निबंधाने दाखवले. शस्त्रक्रियेनंतर पोटाची शिवण उसवते, तेव्हा बहुधा धागा शाबूत असतो, गाठही शाबूत असते. पोट फुगते, जखम लांबते आणि ताणलेला धागा ऊतींतून आरपार जातो. म्हणून जखमेच्या लांबीच्या निदान चौपट धागा शिवणीत गेला पाहिजे, असा त्यांचा हिशेब. मजबूत टाका म्हणजे करकचून ओढलेला टाका नव्हे. शिवणकाम जाणणाऱ्या आपल्या आज्यांना हे सांगावे लागले नसते.

दुसरा प्रश्न, धाग्याने किती दिवस टिकावे? कातडीची जखम तीन आठवड्यांत मूळ बळाच्या जेमतेम पाव हिश्शाला पोहोचते. लिस्टरने १८६९च्या सुमारास कार्बोलिक आम्लात मुरवलेली आतड्याची तांत वापरात आणली. पिंजाऱ्याच्या धनुकलीला असते, तिचीच ही बहीण. ती शरीरात विरघळते, पण साधी तांत आठ-दहा दिवसांतच ढिली पडते. पोटाला तेवढे पुरत नाही. १९७०च्या दशकापासून आलेल्या कृत्रिम विरघळत्या धाग्यांनी ही मुदत आठवड्यांच्या हिशेबात ठरवता येऊ लागली.

मग जेथे ओढच नाही, तेथे टाका हवाच का? याचे उत्तर पुण्याजवळ मिळाले. टिपूशी झालेल्या त्या युद्धात परशुरामभाऊ पटवर्धनांनी धारवाडला वेढा घातला होता, म्हणजे आपला मुलूख त्या धामधुमीच्या वाटेवरच होता. इंग्रज फौजेतला कावसजी नावाचा मराठा बैलहाक्या १७९२ साली टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभराने विटा पाडणाऱ्या ज्ञातीतल्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवले. मेणाच्या पत्र्याने माप घेऊन कपाळाची कातडी सोडवली, भुवयांमधला देठ राखला, ती पिळून खाली आणली आणि नाकाभोवती चिरून केलेल्या खाचेत तिची कड बसवली. टाका एकही नाही. पाण्यात कालवलेला कात कापडाच्या पट्ट्यांवर लावून अशा पाचसहा पट्ट्या एकावर एक ठेवल्या. चार दिवस तेवढेच. नंतर तुपात भिजवलेली कापडे. देठ तोडला सुमारे पंचविसाव्या दिवशी. देठातून रक्त येत होते, कड खाचेत बसली होती, ओढ नव्हती, कात पुरला.

हा वृत्तान्त ऑक्टोबर १७९४च्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आला. तो वाचून लंडनच्या कार्प्यूने १८१४ साली तशी शस्त्रक्रिया केली व १८१६ साली त्यावर पुस्तक लिहिले. कावसजीचे नाव त्या मासिकात आहे, चित्रही आहे. पाहणाऱ्या इंग्रज डॉक्टरांचीही नावे आहेत. शस्त्रक्रिया करणाऱ्याची मात्र तेवढी जात छापली आहे.