मुका भीम

कृ. प्र. खाडिलकरांच्या 'कीचकवध' (१९०७) या नाटकातील भीम महाभारतातील भीमाहून निराळा ठरतो, तो त्याच्या वाणीमुळे. कीचकात कर्झन, युधिष्ठिराच्या संयमात मवाळ आणि भीमाच्या संतापात जहाल प्रेक्षकांनी ओळखले. सरकारनेही ओळखले, १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. याच नाटकाच्या आधारे बाबूराव पेंटरांनी १९२० मध्ये 'सैरंध्री' हा मूकपट काढला. शीर्षकातून वध गेला (हे अगदीच निर्हेतुक नसावे), आणि भीमाची वाणीही गेली. त्याचे नायकत्व आता केवळ देहात उरले. पण त्या देहाने केलेला कीचकाचा वध पडद्यावर इतका खरा भासला, की ते दृश्य वगळावे लागले. आक्षेप या वेळी राजद्रोहाचा नव्हता, बीभत्सतेचा होता.