रेग्युलर एक्स्प्रेशन : मजकुरातील अंश काढणे

शोधायच्या मजकुराची ठेवण सांगणारी चिन्हांची ओळ, बोलण्यात ‘रेजेक्स’. नेमका शब्द ठाऊक नाही, पण तो कशानंतर येतो आणि कुठे संपतो हे ठाऊक आहे, अशा वेळी तेवढाच अंश वेगळा काढायला ती उपयोगी पडते. कल्पना गणितज्ञ स्टीफन क्लीनी यांची (लेख प्रसिद्ध १९५६). केन टॉम्प्सन यांनी १९६८ मध्ये ती मजकूरशोधाच्या कामी आणली. युनिक्सची ‘ग्रेप’ ही आज्ञा त्याच परंपरेतली.

रत्नागिरी जिल्ह्यातले पत्ते हा सरावाचा उत्तम नमुना. ‘मु. पो. लांजा, ता. लांजा, जि. रत्नागिरी, ४१६७०१’ यातून तालुका हवा असेल, तर पहिला प्रयत्न बहुधा असा होतो :

ता\. *(.+),

कंसात पकडला जातो तोच काढलेला अंश. मात्र ‘.+’ हावरट आहे. ते शेवटच्या स्वल्पविरामापर्यंत धावते आणि हाती येते ‘लांजा, जि. रत्नागिरी’. ‘स्वल्पविराम सोडून काहीही’ असे बजावले की काम होते :

ता\. *([^,]+)

तेवढ्यात गणपतीपुळ्याचा पत्ता येतो. तालुका आणि जिल्हा एकाच नावाचे, म्हणून लोक सरळ ‘ता. जि. रत्नागिरी’ लिहितात, आणि तालुक्याचे नाव ‘जि. रत्नागिरी’ निघते. मधला ‘जि.’ ऐच्छिक ठेवावा लागतो :

ता\. *(?:जि\. *)?([^,]+)

‘ता. व जि.’ लिहिणारेही आहेतच. पत्ते लिहिणाऱ्यांनी नियम पाळलेला नसतो. तो आपल्याला मागाहून शोधावा लागतो.

पिनकोडवरून जिल्हा ओळखण्याचा मोह टाळावा. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली; तिची आखणी टपाल वाटण्याच्या सोयीची, महसुली हद्दींची नव्हे. रत्नागिरी शहर ४१५६१२, सातारा ४१५००१ : जिल्हे दोन, पहिले तीन अंक तेच. उलट रत्नागिरी जिल्ह्यातलेच लांजा आणि राजापूर ४१६ मध्ये.

देवनागरीत आणखी एक खोच आहे. अंकाचे संक्षिप्त चिन्ह (\d) पायथन ३ च्या मजकुरात ‘४’लाही ओळखते, जावास्क्रिप्टमध्ये ओळखत नाही, म्हणून [०-९] स्पष्ट लिहिलेले बरे. शब्दातल्या अक्षराचे संक्षिप्त चिन्ह (\w) तर पायथनच्या अंगभूत मॉड्यूलमध्ये काना, वेलांटी, हलन्त यांना अक्षर मानत नाही. परिणामी ‘रत्नागिरी’चे ‘रत’, ‘न’, ‘ग’, ‘र’ असे चार तुकडे पडतात. यावर उपाय म्हणून देवनागरीचा सगळा युनिकोड पट्टा चौकटी कंसात देतात. पण त्या पट्ट्यात अंक आणि दंडही येतात, ते आठवणीने वगळावे लागतात.